येळवशीची आंबील आणि तुमचा लोकरी कोट

मुक्काम कळंब, मंगळवार, ता. २४ डिसेंबर १९४६, फसली १३५६. सकाळचे साडेसात. अंगात बंडी, उजव्या हातात टाक, डाव्या हातात सूप. सुपाने वारा घेत आहे.

तीर्थरूप वीरप्पा मामांना भाचा सिद्धलिंगचा शरणार्थ. इकडे सर्व खुशाल, म्हणजे घामाघूम आहेत. सोलापुरात मामींचा दमा व तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. थंडीने गुडघे धरतात असे तुम्ही दरवर्षी म्हणता. यंदा ते कशाने धरले असतील, हे जाणण्याची मला उत्सुकता आहे.

आमच्याकडचा हिवाळा म्हणजे नेमणूक होऊन हजर न झालेला तहसीलदार. पंचांगात नाव आहे, स्वारी कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. दिवाळीपासून थेंब नाही, दव नाही, ज्वारीने भर पोटऱ्यात, कणीस बाहेर पडायच्या आतच, मान टाकली आहे. शेजारचे बलभीम तात्या सवयीने रोज पहाटे शेकोटी पेटवतात आणि तिच्यापासून दहा हात लांब जाऊन बसतात. पंचांगवाल्याने तर 'शीतलहर' असे छापले आहे. (त्याने तो कागद पंखा म्हणून विकला असता तर निदान खरे बोलल्याचे पुण्य लागले असते.)

अशा हवेत तुमचा लोकरी कोट येऊन पोचला. सोबतची चिठ्ठी दोनदा वाचली. परंड्याचे दुकानदार महांतप्पा आपल्या लेकीसाठी, लक्ष्मम्मासाठी, मला पाहायला येणार, तेही येळवशीच्या अमावास्येला, पीकपूजेच्या दिवशी, शेतावर. मी अंगाने काडी दिसतो, तेव्हा पाहुणे गावाबाहेर जाईपर्यंत कोट काढायचा नाही, अशी तुमची आज्ञा. आज्ञा मोडणे माझ्या स्वभावात नाही. म्हणूनच हे पत्र लिहावे लागत आहे.

आता आंबिलीविषयी. येळवशीला ज्वारीचे पीठ ताकात कालवून, शिजवून, आंबवून मडके भरतात, ते आदल्या रात्री. पण आजी असताना मी सर्व रीती वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि तिथे स्वच्छ लिहिले आहे : 'आंबील दोन रात्री आधी लावावी.' अव्वा, म्हणजे तुमची बहीणच, म्हणाली, "अरं, आजी बोलली ती हुडहुडीच्या सालातलं. ह्या उन्हात एक रात बी लई व्हतीया." मी तिला वही दाखवली. (वहीत थंडीचा उल्लेख नाही. आजीने तो केला असेल आणि मला तो फालतू वाटला असेल.) आंबील शनिवारी लावली. रविवारी मडके आतून बोलू लागले. सोमवारी सकाळी मी ते फडक्याने आवळून, डोक्यावर घेऊन शेतावर नेले, तेव्हा ते वाटभर कानाशी कुजबुजत होते.

महांतप्पा अकरा वाजता आले, बायको-मुलीसह. मनुष्य असा की, हसायचे झाले तर आधी भाव विचारील. कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून पूजा झाली. मग मी पहिला पेला त्यांच्यापुढे केला. त्यांनी हुंगून तो माझ्याकडेच सरकवला. आंबील चांगली आहे हे सिद्ध करण्यासाठी मी तो प्यालो. आणि अंगात तुमचा कोट, वर ते ऊन, म्हणून तहान भागेना, तेव्हा आणखी पाच प्यालो. मामा, मी गळ्यातल्या लिंगाला शिवून शपथेवर सांगतो, मला त्यानंतर शेताचे चार कोपरे मोजता येईनात. कोपरे सात होते. आंबील शिंपायला प्रदक्षिणेला निघालो तो पीक सोडून सगळी महांतप्पांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालावर शिंपली. कोणता तरी जोंधळा मला वाकून नमस्कार करीत होता, मीही त्याला केला. पुढचे आठवत नाही. अव्वाने सांगितले ते लिहितो.

मी खोपीत शिरून पांडवांच्या ओळीत डोके ठेवून घोरू लागलो. महांतप्पा म्हणाले, "लिंगायताचं पोर, अन् सणाच्या दिवशी दारू?" आणि जोडे शोधू लागले. असल्या सासऱ्याची मला मुळीच हळहळ नाही. परंड्याचे ऊन, परंड्याचे दुकान आणि परंड्याचा रुमाल त्यांचा त्यांना लखलाभ. स्थळे पुष्कळ आहेत. हा विषय माझ्यापुरता संपला.

तुमचा आज्ञाधारक,
सिद्धलिंग

ता. क. : एक सांगायचे राहिले. अव्वा म्हणते, लक्ष्मम्माने खोपीत डोकावून विचारले, "पाचच मांडले व्हते न्हवं? ह्यो सहावा पांडव कुणी मांडला?" मग बापाकडे वळून म्हणाली, "अप्पा, दारू न्हाय ती. आंबील लई आंबलीया. म्या बी दोन पेले प्याले, मला बी गरगरतंया." महांतप्पांनी तिला गाडीत बसवले. तेव्हा मामा, हात जोडून विनंती की, तुम्ही, गुडघे कसेही असोत, परंड्याला जा आणि सांगा की मी आजवर सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. वर जे स्थळे पुष्कळ असल्याचे लिहिले आहे, ते वाचू नये. खोडले असते, पण पानावर खाडाखोड मला पाहवत नाही.

ता. क. दुसरा, गुरुवार पहाट : पत्र नेणारा बब्रुवान गाडीवान दोन दिवस निघाला नाही. काल रात्रीपासून गारठा असा की दौत मुठीत धरून शाई उबवावी लागते. तहसीलदारसाहेब हजर झाले, पाहुणे गेल्यावर. महांतप्पांना कळवावे की आता आंबील लावली तर आठवडाभर आंबणार नाही, हवी तेव्हा येऊन तपासावी. कोट परत पाठवता येत नाही. आंबिलीच्या वासाने बैलाने उजवी बाही चघळली. उरलेला अंगात घालून हे लिहीत आहे.

आणि तिचे गरगरणे थांबले का, तेवढे मात्र आधी कळवावे.