वीतभर लोखंड

बाबा, आज भात उतरवताना सिहोऱ्याच्या पलीकडचा तुमचा तंबू आठवला. आई भाताच्या गंजावर लोखंडी झाकण ठेवून वर निखारे पसरते आहे, तुम्ही ताटावर बसता बसता त्या झाकणाकडे बघून हसता आहात. "हसा, हसा," आई म्हणते, "माही परात कापली अन् वरून हसून राहिले."

तुमची कालव्याची मोजणी चालू असायची आणि कॉन्व्हेंटला नाताळची सुट्टी लागली की मी तुमच्या तंबूत यायची. त्या वर्षी धाकटा तान्हा होता, थंडी कडाक्याची. आईने निखाऱ्यांचं घमेलं आत आणलं, ते तुम्ही तसंच उचलून बाहेर ठेवलंत.

"पोरगं कुडकुडून राहिलं, कायले नेता?"

"धूर दिसत नाही म्हणून का भेव नाही? बंद तंबूत निखारा माणसाले झोपेतच नेते वो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्र्याच्या शेगडीला पाइप जोडलात आणि आईची लोखंडी परात छिन्नीने मधोमध गोल कापलीत. तंबूच्या भिंतीला मोठं भोक पाडून त्यावर परात तारेने शिवलीत. परातीच्या भोकातून पाइप बाहेर काढून उभा वर नेलात, तंबूच्या शेंड्याच्याही वर, आणि ठिणग्या कापडावर पडू नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधलीत. मी मधे मधे लुडबुडत होते. तुम्ही हात पसरून दाखवलंत, "पाहा माय, पाइप अन् कापड यात चहूकडून वीतभर लोखंड पाहिजे. अन् खालचा हा पडदा कधी लावायचा नाही. आगीलेही श्वास लागते, आपल्यालेही." आई म्हणाली, "परात मेली तेवढी." पण कापलेला गोल तुकडा तिनेच उचलला, त्याला कडी बसवून घेतली आणि जन्मभर भातावर झाकला.

यंदाची थंडी माझ्या नातीने तंबूत काढायची ठरवली आहे. तलावाकाठी पाखरं मोजते ती, एक मैत्रीण सोबत आहे. परवा डबा घेऊन गेले, तर नव्या शेगडीचा पाइप कापडाला चीर देऊन सरळ बाहेर काढलेला, आणि चिरेच्या कडा करपून तांबूस झालेल्या.

"हे काय गं?"

"आजी, एकदाच तर पेटवली. अन् मोबाइलवर पाहून घेतलं ना मी सगळं!"

"मोबाइल झोपणार आहे का इथं?"

मैत्रीण खुदकन हसली. मी मात्र पाइप उतरवल्याशिवाय तिथून हलले नाही. परतताना मधे भोक पाडलेला लोखंडी पत्रा करून मागायला आंधळगावच्या लोहाराकडे गेले, तो आठवड्याने देतो म्हणाला. तेवढा धीर त्या पोरीला नाही. दोन रात्री कुडकुडली की त्याच चिरेत पाइप घालेल. वीतभर अंतर ठेव म्हटलं, तर स्वतःच्या चिमुकल्या हाताने मोजेल.

म्हणून माळ्यावरची तुमची परात काढली. घासताना सहज भोकाच्या काठावर अंगठा टेकवला आणि करंगळी ताणली. परातीच्या कडेपर्यंत पोचेना, बोटभर कमी पडली. तेव्हा लक्षात आलं, ती वीत तुमच्या हाताची होती. तुमचा फोटो आहे माझ्याकडे, चष्मा आहे. हात कुठेच उरला नाही असं इतकी वर्षं वाटत होतं, आणि तो माळ्यावर गंजत पडला होता. मग परात देववेना. घासून झाली तरी मांडीवर घेऊन बसून राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तिकडं पोरी झोपून राहिल्या अन् तू इथं लोखंड कवटाळून काहून बसली?"

तर आता असं करायचं. परात नातीची. उद्या मी स्वतः उभी राहून ती तारेने शिवून घेईन, आणि खालचा पडदा बांधून वर ठेवीन. भाताचं झाकण धाकट्याला द्यायचं, त्याच्याच थंडीपायी ते कापलं गेलं. तो आता आजोबा झाला आहे, पण घेईल. आणि हा कागद माझा. जुन्या मोठ्या कॅलेंडरच्या पाठीवर परात पालथी ठेवून मी तिची कड आणि मधलं भोक पेन्सिलीने गिरवून घेतलं आहे, आणि त्या दोन रेघांच्या मधेच, गोल गोल फिरवत, हे सगळं लिहिलं आहे. तो कुणाला द्यायचा नाही, तुम्हालासुद्धा नाही.