बिनलशीचा हौद

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार. (पत्रात कसली वाकतेस, समोर येऊन वाक, असं तू म्हणशील म्हणून खरोखर वाकले आणि मग लिहायला बसले. पाठ धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम गच्चीवर जातेस, हे तुझ्या शेजारणीकडून कळतं हो मला. इकडे आई बरी, बाबा बरे, आणि मुख्य म्हणजे मासे बरे. काम पडल्याशिवाय भाचीला आत्या आठवत नाही, असं तू मागे म्हणालीस ते मला फार लागलं. म्हणून या पत्रात काम काही नाही, निव्वळ खुशाली आहे.

गेल्या वर्षीचं तू पाहिलंसच. मासे पोट वर करून तरंगायला लागले आणि बघता बघता सगळे हौद रिकामे. विषाणूच तो, त्याच्यावर औषध नाही. बाबा कितीतरी दिवस पाण्याकडे फिरकले नाहीत, घरात बसून भिंतीशी बोलायचे. (भिंतीने उत्तर दिलं नाही, हेच नशीब.) यंदा नवी पिल्लं सोडली खरी, पण पुन्हा असं झालं तर हौद बुजवून टाकायचे, असं आमचं ठरलंच होतं. एवढ्यात माशांच्या डॉक्टरीणबाई नवी लस घेऊन आल्या. डीएनए लस म्हणतात तिला. तिच्यात विषाणू नसतोच, मेलेलासुद्धा नाही. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाची कृती तेवढी असते. ती स्नायूत टोचली की माशाचं शरीर ते प्रथिन आपणच बनवतं, हे काहीतरी परकं आहे असं ओळखतं, आणि पुढे खरा विषाणू आला की तयारीत असतं. थोडक्यात, चोर यायच्या आधी चोराचा सदरा दाखवून ठेवायचा.

आता माशाला टोचायचं म्हणजे काय ते ऐक. आधी त्यांना गुंगीच्या पाण्यात सोडायचं, निवांत झाले की एकेक हातात घ्यायचा, पाठीवरच्या पंखाखाली सुई, आणि लगेच ताज्या पाण्यात. डॉक्टरीणबाई भराभर टोचायच्या. बाबा मात्र प्रत्येक माशाची आधी समजूत घालायचे, मग टोचायचे, मग टोचल्या जागी फुंकर. त्या फुंकरीच्या नादात सुई स्वतःच्याच अंगठ्यात घातली! बाईंनी जखम धुतली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, पण बाबांनी दिवसभर अंगठा वर धरून ठेवला. (येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, काम झकास चाललंय.)

घोळ पुढेच झाला. एका हौदातल्या माशांना बाईंनी लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. लस घेतलेले आणि न घेतलेले शेजारी शेजारी असले तरच लशीचा गुण कळणार. बाबांना हे काही केल्या पटेना. सुई टोचायची आणि लस द्यायची नाही? हा पंक्तिप्रपंच आपल्या घरात चालायचा नाही! शेवटी एका दुपारी बाई बाहेरगावी गेल्याचं पाहून त्यांनी फ्रिजमधली उरलेली लस काढली, आईला हाताशी घेतलं आणि तो हौद टोचायला बसले. एकाच माशाला दोनदा सुई नको, म्हणून टोचलेल्याच्या शेपटीचं टोक कात्रीने जरासं छाटायचं, ही आईची अक्कल. मला दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

महिना-दीड महिन्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला हुंकारकाकांचे मासे मरायला लागले. (हे आमचे शेजारी. कशालाही उत्तर म्हणून ‘हं’ एवढंच म्हणतात.) त्यांचं पाणी खाली आमच्याकडेच येतं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण लशीचे मासे उड्या मारमारून खाद्य खात होते! बाबा नाचायचे तेवढे बाकी होते. मग बाईंनी बिनलशीचा हौद पाहिला आणि डोक्याला हात लावला. तिथेही थोडेच मेले होते. बिनलशीचेही जगतात, म्हणजे रोगच इथे जेमतेम पोचला असणार, लशीचा गुण काही सिद्ध होत नाही. अहवालात त्यांना तसंच लिहावं लागणार होतं, आणि मग पुढच्या वर्षी लस ना आम्हाला, ना हुंकारकाकांना. काका तिथेच उभे होते. त्यांचे सगळे हौद गेलेले. ते ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत, नुसते वळून चालू लागले.

ते बघून बाबांना राहवेना. त्यांनी काकांना हाक मारून थांबवलं आणि चोरून टोचल्याचं सगळ्यांसमोर घडाघडा ओकले. डॉक्टरीणबाई लालबुंद झाल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जरा वेळाने बाईंनी अगदी हळू विचारलं, सगळ्यांना टोचलंत? नाही हो, बाबा म्हणाले, लस संपली, थोडे राहिलेच बिचारे. त्यावर आई म्हणाली, अहो, मग शेपट्या बघा की!

त्या हौदातले मेलेले मासे बाईंनी तपासणीसाठी बर्फाच्या पेटीत ठेवले होते, ते बाहेर काढले. एकेकाची शेपटी पाहिली. सगळ्या अखंड. मग हौदात जाळं टाकलं, तर जिवंत ते झाडून सगळे शेपूटछाटे! एकच हौद, एकच पाणी, एकच रोग. बाई तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि हसत सुटल्या. बाबा रडत होते. मीही रडले, तुला सांगायला लाज कसली? हुंकारकाका कितीतरी वेळाने ‘हं’ म्हणाले, आणि आत्या, तसा ‘हं’ मी जन्मात ऐकला नव्हता. हौद बुजवायचं नाव आता कुणी काढत नाही.

गुडघ्याला शेक घे, आणि गच्चीला थोडे दिवस तुझ्याशिवाय राहू दे.

तुझी,
पाठ धरलेली भाची

ता. क. हा सगळा प्रयोग आपणच आखला होता, असं बाबा हल्ली अंगठा वर करून सगळ्यांना सांगतात.

ता. क. दुसरा. आता आठवलंच आहे तर सांगते. असं चुकून जमलेलं शास्त्रात धरत नाहीत म्हणे. पुढच्या हंगामात सगळं पुन्हा, रीतसर, हुंकारकाकांच्या पिल्लांसकट. म्हणजे पुन्हा एक हौद बिनलशीचा, आणि या खेपेला लशीच्या फ्रिजला कुलूप. किल्ली बाबांकडे द्यायची नाही, आईकडे तर नाहीच, आणि माझं म्हणशील तर त्या हौदासाठी मासे निवडायला बसले आणि एकेक करून सगळे परत सोडून दिले. घरात दगडाच्या काळजाचं माणूस एकच, असं सगळ्यांचं मत पडलं. तर तू किल्ली कमरेला लावून हंगामभर इथे येऊन बसशील का? जिना एकही नाही.

ता. क. तिसरा. वरचं वाचून बाबा पोट धरून हसताहेत. लहानपणी शेजारच्या कोंबडीला थंडी वाजते म्हणून स्वतःचा स्वेटर घालून आलीस, ती तूच ना? असू दे. ये मात्र नक्की, आणि डॉक्टरीणबाईंपुढे त्या कोंबडीचं नाव काढू नकोस.