मी बाहेरच आहे

१२ जानेवारी

चि. टिल्लूस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं, बुधवारचा भागही पाहिला. मालिकेचा लेखक माझा धाकटा भाऊ, असं मिरवून मी शेजारपाजारात मान मिळवला आणि बसायची खुर्ची घालवली. शेजारच्या शिंपीणबाई सहकुटुंब येऊन टीव्हीसमोर ठाण मांडतात. मी मधल्या दारात स्टूल घेऊन बसते.

तुझ्या भाऊजींचं विचारलंस. बरे आहेत असं लिहिलं असतं, पण तुला खोटं लिहायची मला सवय नाही. फुफ्फुसं थकली आहेत. न्हाणीघरापर्यंत जातात तेवढ्यातही मध्ये थांबून भिंत धरतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यातली धूळ खाल्ली, ती आता बाहेर निघायची नाही, असं डॉक्टर म्हणाले.

जिभेला मात्र काही झालेलं नाही. शिंपीणबाईंच्या मुलाकडून त्यांना कळलं, तुझ्या मालिकेतला लिफ्टचा मेकॅनिक बॅटरी हातात धरतो. मग काम काय पायाने करणार, असं त्यांनी विचारलंय. बॅटरी दातात धरायची असते. शिवाय लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असताना तुझा मेकॅनिक दोनदा गप्प बसला. हे त्यांना अजिबात खपलं नाही. आतल्याला बाहेरचा आवाज सतत ऐकू आला पाहिजे, नाहीतर तो घाबरतो आणि दार उचकटायला जातो. ते स्वतः काहीबाही बोलत राहायचे. जेवण, हवापाणी, बायकोची कटकट, आणि दर दोन वाक्यांनी, मी बाहेरच आहे, कुठे जात नाही. माझी कटकट निम्म्या शहराला पाठ असेल.

त्यांना आता बाहेर येऊन बसवत नाही. मी दार उघडं ठेवते आणि ते आत पडून नुसतं ऐकतात. आवाज बरोबर असेल तर चित्र बरोबर असतंच, असं त्यांचं म्हणणं. खात जा वेळेवर.

तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बॅटरी दातात गेली. नटाची लाळ गळते म्हणून तो कुरकुरला, पण भाऊजींचा हुकूम म्हटल्यावर गप्प झाला. आता त्याला गप्प राहू देत नाही, हेही भाऊजींना सांग.

आमचे प्रेक्षक थोडे, पण जे आहेत ते वेडे आहेत. भाऊजींच्या शर्टाचं दुसरं बटण नेहमी लोंबतं असायचं ना, ते मी मेकॅनिकच्या शर्टाला जसंच्या तसं दिलं. आता एका कॉलेजातली पोरं बटणं उसवून फिरतात. एका प्राध्यापकांनी लेख लिहिला की ते बटण म्हणजे एकट्या माणसाचं जगाशी उरलेलं शेवटचं नातं. मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की तू ते शिवायचा कंटाळा करायचीस म्हणून?

वाहिनीच्या साहेबांनी परवा विचारलं, लोकांना यात एवढं दिसतं तरी काय? मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही, पाऊण भाग एका बंद दाराकडे बघण्यात जातो. मी म्हणालो, आम्ही फसवत नाही. दार उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू देतो. संगीत वाजवून कुणाला घाबरवत नाही. प्रेक्षक एकदा आपल्याला खोटं बोलताना पकडतो आणि मग पुन्हा तसा रेलून बसत नाही. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली आणि मालिका मार्चअखेर बंद करायला सांगितली.

एक कबूल करतो, रागावू नकोस. आमचा मेकॅनिक आता खोकतो. भाऊजींना रात्रीचं कसं होतं, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, जरा सविस्तर लिही. दोघांना नमस्कार. माया करतेस तशीच करत राहा.

तुझा टिल्लू

१९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद.

तू आलास, सगळी धावपळ केलीस. पण घर माणसांनी भरलेलं होतं, तुझ्याशी एकटीने बोलता आलं नाही. आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं, झोपेतच गेले. तसं असेलही. मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही.

त्या बुधवारी तुझा म्हातारीचा भाग होता. ती लिफ्टमध्ये अडकते आणि उलट मेकॅनिकलाच धीर देत बसते. सगळे पोट धरून हसत होते. मी नेहमीसारखी मधल्या दारात स्टुलावर, तोंड टीव्हीकडे, पाठ त्यांच्याकडे. सुरुवातीला आतून हसणं ऐकू आलं. मग खोकला. मग काहीच नाही. मला वाटलं, ऐकताहेत.

हात मागे केला असता तर पलंगाला लागला असता, इतकी जवळ होते मी. तो नट म्हणत होता, मी बाहेरच आहे, कुठे जात नाही. मीही बाहेरच होते, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी अनोळखी माणसांसाठी जन्मभर जे केलं, तेवढंसुद्धा मी त्यांच्यासाठी केलं नाही. भाग संपला, म्हातारीचं काम आवडलं का विचारायला मी वळले, आणि कळलं.

माझं मागणं एकच आहे. तुझ्या मेकॅनिकला मारू नकोस. मालिका बंद होते तर होऊ दे. तो हत्यारांची पेटी घेऊन कुठल्यातरी इमारतीत शिरू दे आणि तिथेच संपव. दर बुधवारी त्यांची वाक्यं घरात ऐकू येतात. मार्चनंतर येणार नाहीत हे मला कळतं. पण तो कामावर गेलाय म्हणून ऐकू येत नाही, असं मला म्हणता येऊ दे.

ताई

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही.

वाहिनीच्या दारात पोरं दातात बॅटऱ्या धरून उभी राहिली, मालिका बंद करू नका म्हणून. साहेब बधले नाहीत. शेवट तेवढा झकास करा म्हणाले. ताई, गेले सहा भाग तो खोकतोय. लोकांनी ऐकलंय. तो आता खडखडीत बरा होऊन पेटी उचलून चालायला लागला, तर त्या पोरांना मी काय तोंड दाखवू? आपण दार कधीच लवकर उघडलं नाही. ज्यासाठी ही माणसं आपल्यावर जीव टाकतात, तेच शेवटच्या भागात मोडू?

तो जाणार. मला क्षमा कर. खरं तेच लिहायचं, हे मी तुमच्याच घरात शिकलो.

तुझा टिल्लू

८ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद.

राग आलाय, आणि तो निवायच्या आत लिहिते आहे.

खऱ्याची एवढी चाड असेल तर पुरतं खरं दाखव. बाहेर माणसं हसताहेत आणि बायको दारात पाठ करून टीव्ही बघत बसली आहे, तेच दाखव. उशाशी बसून पाणी पाजणारी, हात धरून रडणारी बाई घातलीस तर याद राख. तशी बाई आमच्या घरात नव्हती. लोकांना माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. आपलं माणूस मारायला निघालास, तर बहिणीची लाज कशाला राखतोस?

ताई

२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू बजावलंस तसंच लिहिलं, तसंच चित्रित केलं. तुझं काम करणाऱ्या नटीने पाठ अगदी सहज फिरवली. संकलनाच्या खोलीत आम्ही ते दोनदा पाहिलं. इतकं चांगलं काम आमच्या हातून आजवर झालेलं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

पण मला तू दिसतच नव्हतीस. मला तो टीव्ही दिसत होता. त्यात माझी मालिका चालू होती, मी लिहिलेल्या विनोदाला माणसं हसत होती, आणि त्या हसण्यात आतला माणूस ऐकू आला नाही. तुला त्या स्टुलावर मी बसवलं होतं, ताई. हे जगाला दाखवायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत बोलावलं. नटीला दारातून उठवून आत, पलंगापाशी नेलं. दिग्दर्शक माझ्याशी बोलायचा बंद झालाय. खोटेपणा केलास म्हणाला, आणि त्याचं बरोबर आहे. शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र बंद करू नकोस.

टिल्लू

९ एप्रिल

चि. टिल्लूस अ. उ. आ.

शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी पाहिला. शिंपीणबाई रडून रडून थकल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि पोरांना घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी मी कुठे बसले होते हे त्यांनी पाहिलं आहे.

तुझ्या प्राध्यापकांचं मला पत्र आलं, पत्ता तूच दिलास वाटतं. टीव्हीवर इतकं खरं मरण आपण पाहिलं नाही, असं लिहितात. कॉलेजातल्या पोरांचीही आली. तू त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोललास आणि एकानेही तुला पकडलं नाही. मला तुझा इतका राग आला की आठ दिवस तुझं नाव घेतलं नाही.

परवा दुपारी तो भाग पुन्हा दाखवला. घरात कुणी नव्हतं. टीव्ही मोठ्याने लावला, स्टूल उचलून आत नेलं आणि पलंगाशी बसून, ते ऐकायचे तसं, नुसतं ऐकलं. ती बाई एकसारखी बोलत होती. भाजी महागली, नळाची चकती बदलायला हवी, तुमची पेटी कोण उचलणार. आणि दर दोन वाक्यांनी, मी बाहेरच आहे, कुठे जात नाही.

आवाज अगदी बरोबर होता, टिल्लू. माझी कटकट तू हुबेहूब उचललीस. मी पलंगावर हात ठेवला आणि तिच्यामागोमाग एकेक वाक्य म्हणत गेले. ती थांबली तेव्हा मलाही पुढचं काही सुचलं नाही.

आता सुट्टी आहे तर इकडे येऊन राहा. बुधवारी ये, त्या दिवशी घर खायला उठतं. राग गेलेला नाही, आणि मायाही गेलेली नाही.

तुझी ताई

ता. क. शर्टाचं ते बटण काल शिवून टाकलं. प्राध्यापकांना कळवू नकोस.