गुलाबी चादरी

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहून मोकळी होणार होते, पण हात पुढे जाईना. फोनवर बोलायची सोय नाही. आई फोन मोठ्या आवाजावर टाकून घरभर ऐकवते. म्हणून हे पत्र. कृपा करून तिला वाचून दाखवू नकोस.

इंटर्नशिपच्या मुलाखतीची तयारी तर तूच करून घेतली होतीस. सुट्टीत धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसून साहेब झालीस आणि मला दारातून पुन्हा पुन्हा परत पाठवलंस, का तर म्हणे मी आत येतानाच माफी मागितल्यासारखी चालते. सगळी उत्तरं पाठ होती. पण पाणी तपासायच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, आणि नंतर काय केलंत तेही सांगा. ताई, मला एकही चूक आठवेना. मी कधी होऊच देत नाही ना! घराला कुलूप लावून परत येऊन ओढून बघणारी मी. आणि तोंडातून तुझी गोष्ट बाहेर आली.

तीच, तुझ्या लाँड्रीत आलेल्या इस्पितळाच्या चादरींची. मशीनमध्ये लाल रिबीन राहिली, अख्खा घाणा गुलाबी निघाला, आणि कुणावर ढकलायच्या आधी तू स्वतः गाठोडं घेऊन नर्सबाईंपुढे उभी राहिलीस. मी म्हटलं, सुट्टीत लाँड्रीत काम करताना माझ्या हातून असं झालं. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, नमुना सांडला तर सांडला म्हणणारं माणूसच इथे हवं, नाहीतर खोटा अहवाल जातो आणि लोक ते पाणी पितात.

आता इथे सगळे मला लाडानं ‘गुलाबी’ म्हणतात. हाक आली की ऐकू न आल्यासारखं करते. त्यात मॅडमनी शनिवारी आमच्या कॉलेजात मुलाखतीच्या तयारीचा वर्ग ठेवलाय. खालच्या वर्गातल्या मुलांना मी ती गोष्ट सांगायची, स्वतःची म्हणून. खरं बोलले तर इंटर्नशिप जाईल. नाही बोलले तर तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघू?

कळव. लोभ आहेच, तो वाढवू नकोस, आहे तेवढा राहू दे.

तुझी,
मुंगी

६ जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. इस्त्रीवरची मावशी विचारत होती, कुणाचं लग्न ठरलं का. एवढ्या शिकलेल्या पोरीला एक साधी चूक करता येऊ नये! आमच्याकडे ये, दिवसाला हव्या तेवढ्या देते.

अगं, माझे फ्रॉक घालूनच तू मोठी झालीस. दहावीचा स्वेटरसुद्धा माझाच होता. एक गोष्ट घातलीस तर काय बिघडलं? आणि तुला कधी बोलले नव्हते, पण ती लाल रिबीन तुझीच होती. शाळेच्या दारात तू वेणीतून ओढून काढलीस, मी अॅप्रनच्या खिशात टाकली आणि अॅप्रन तसाच मशीनमध्ये गेला. म्हणजे चूक अर्धी तुझी आहे. हिशोब फिटला. शनिवारी जा, ताठ उभी राहा, सांगून टाक आणि जेव वेळेवर.

बाबा रस्त्यात भेटेल त्याला सांगतात, आमची पोर पाणी तपासते. ते तोंडघशी पडतील असं काही करू नकोस.

एकच सांगते, राग मानू नकोस. नर्सबाईंपुढे मी रडले होते, हे तू तिथे सांगितलंस का? नसशील सांगितलं, तर ते तेवढं वगळलेलंच बरं.

माया आहे तशीच आहे, तपासत बसू नकोस.

तुझी,
ताई

१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला सोडवायला रिबीन पुढे केलीस आणि मी आणखीच अडकले. रिबिनीसाठी मी तेव्हा घरी भोकाड पसरलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, हरवली. आणि माझ्यासाठी नवी आणलीस.

शनिवारी वर्गाच्या आधी मॅडमना एकटं गाठून सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्या दाराशी जाऊन दोनदा परत फिरले. तू शिकवलेली चाल उपयोगी पडली नाही. शेवटी फळ्यासमोर उभी राहिले, मॅडम मागच्या बाकावर. मुलं वह्या उघडून बसली होती. मी सुरुवात केली, आणि सांगून टाकलं, की चादरी माझ्या ताईच्या हातून रंगल्या, माझ्या नाही. मी ही गोष्ट उचलून मुलाखतीत माझी म्हणून सांगितली. ती रडली होती हेही सांगितलं. माफ कर. तेवढं वगळलं असतं तर गोष्ट पुन्हा माझ्यासारखीच झाली असती, डाग नसलेली.

कुणी हसलं नाही. सोमवारी मॅडमनी बोलावून सांगितलं, की मुलाखतीच्या दिवशी एका मुलीनं त्याच प्रश्नाला नुसती मान खाली घातली होती. आठवत नाही म्हणाली, म्हणून त्यांनी तिचं नाव खोडलं आणि माझं घेतलं. ताई, माझ्या मनात तिचा विचारही आला नव्हता. मी आपली तुझ्यामाझ्यातच घोळत होते.

मॅडमनी तिला फोन लावला. ती अजून मोकळी होती. नमुन्यांचं टेबल आता तिचं. मला काढलं नाही, पण मुदत संपेपर्यंत मी मागच्या मोरीवर काचेच्या नळ्या आणि बाटल्या धुवायच्या. शिफारसपत्राचं नंतर बघू म्हणाल्या. ती मुलगी आज आली. तिनं मला पेन मागितलं, आणि मी ते देऊन मोरीवर परत गेले.

बाबांना काय सांगू ते तूच सुचव. रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
मुंगी

१८ जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस पुरले. मी रडले ते तू वर्गभर पोरांना सांगितलंस, कमाल झाली. मग मावशीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, निदान एका ठिकाणी तरी तुझं नाव निघालं.

बाबांना मी सांगितलं, की मुंगीला धुण्याच्या कामावर घातलंय. ते म्हणाले, पाण्याशीच आहे ना अजून?

त्या मुलीला पेन परत मागू नकोस. डबा खाताना तिच्याशेजारी बस. ती बोलेल तेव्हा बोलेल.

आणि आता आलीसच माझ्या धंद्यात, तर ऐक. गरम पाण्यानं आधी नाही, आधी गार. हाताला तेल लाव, नाहीतर बोटं फुटतात. आणि टाकण्याआधी खिसे उलटे करून बघायचे. काचेच्या नळ्यांना खिसे नसतात, ठाऊक आहे मला. तरी बघ.

तुझीच,
ताई