सपना बसमध्ये चढेना

सेलू, २८ जानेवारी २०२५

ती. कांताआत्यास,
जागृतीचा सविनय जय भीम.

पुढच्या शुक्रवारी मुख्याध्यापिका माझ्या सातवीच्या वर्गात मागे बसणार आहेत. पाठ आवडला तर नोकरी कायम. नाहीतर बाबांनी ठरवल्याप्रमाणे समुद्रपूरला परत, आणि नाचणगावच्या पाहुण्यांना होकार. मुलगा वाईट नाही. पण मला वर्ग सोडायचा नाही.

पुढे घडणारी गोष्ट इंग्रजीत किती तऱ्हांनी सांगतात, असा धडा आहे. मुलं सगळीकडे 'विल' लावतात. तू कंडक्टर; तुझ्या बसमधलं काही सुचव. फोनवर तू माझ्यापेक्षा ड्रायव्हरशीच जास्त बोलतेस, म्हणून लिहिलं.

लोभ कमी करू नकोस.
जागृती

समुद्रपूर, १ फेब्रुवारी

चि. जागृतीस मंगलकामना.

अवो, माहं इंग्रजी तिकिटाच्या मशीनपुरतं. पन आयक. बस साडेसहाले सुटते, थे काई बदलत नाई. म्हातारीचं बोचकं घसरताना दिसलं का समजते, आता पडनार. मंग मी म्हंतो, थांब, मी धरतो. थे तवाच ठरते. अन् सोळा तारखेले मी तुह्याकडं येऊन राह्यली, सुट्टी मांडून ठेवली. याले इंग्रजीत काय म्हंतात थे तू पाय. वर्गात बाकाची बस कर. पोट्टे आपोआप बोलतीन.

काऊन घाबरून राह्यली? तुह्या बापाले मी पाहून घेतो.

माया आहेच, मागू नोको.
आत्या

सेलू, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास सविनय जय भीम.

काल मुख्याध्यापिकांसमोर बाकांची बस केली. अंकित कंडक्टर झाला. सपना पिशवी घेऊन निघाली. मी इंग्रजीत विचारलं, कुठे चाललीस? ती तिथेच खाली बसली. म्हणाली, निघताना 'कुठे' विचारलं की काम होत नाही. आता पाणी पिऊन थोडं थांबावं लागेल. आपल्या घरी हे कोणी मानत नाही. मला सुचलंच नव्हतं. वर्ग हसत सुटला.

मग मुलंच तिला उठवायला लागली. मी एवढंच म्हटलं की सपनाला आज मराठी ऐकू येत नाही. अंकित ओरडला, 'द बस लीव्ह्ज ॲट टेन!' कोणी म्हणालं, 'आय विल कॅरी युवर बॅग.' कोणी तिच्याकडे पाहून, 'शी इज गोइंग टू क्राय.' सपनाने बाटलीतलं पाणी सावकाश पिऊन उत्तर दिलं, 'आय ॲम गोइंग टुमॉरो.' बस तिला न घेताच सुटली.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. म्हणाल्या, जूनपासून आठवीही घ्या. आत्या, कायम झाले. बाबांना तू सांग. मला धीर होत नाही.

तुझीच,
जागृती

समुद्रपूर, ११ फेब्रुवारी

चि. जागृतीस मंगलकामना.

तुह्या बापाले सांगतलं. पह्यले त्यानं त्या 'कुठं'वर अर्धा घंटा भाषन देल्लं. अजून असं मानतात म्हने लोकं. मंग हळूच इचारलं, पोट्टी चढली का नाई बसमधी? मी म्हनलं, नाई. तवा हासला.

संध्याकाळी त्यानंच नाचणगावले फोन लावला. म्हने, पोरगी सेलूतच राहीन, तुमच्या रुपेशची तिकडं बदली होत असन त बोलू. तिकडून म्हनले, इचार करून सांगतो.

हा म्हने, करा सावकाश. आमच्या पोरीले घाई नाई.

आत्या