कुंकू लावलेलं मशीन आणि तिसऱ्यांदा आलेलं पाकीट

जळगाव,
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस
(तारीख गोदामातल्या मशीनवर आहे आणि मी आत्ता बाहेर चहाच्या टपरीवर आहे.)

तीर्थरूप नाना आणि मोठ्या आई,

तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवतो (एकेकाच्या पायावर वेगळं ठेवलं असं समजा, म्हणजे मोठ्या आईची तक्रार राहणार नाही). नाना, गुडघा कसा आहे? पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तुम्ही रोज सकाळी सायकल पुसता, हवा भरता आणि ओट्याला टेकवून ठेवता, जात मात्र कुठेच नाही, असं कळलं. हवा जास्त भरू नका, उन्हात ट्यूब फुटते. मोठ्या आईचे डोळे कसे आहेत? पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावं. सगळं वाचावं, ताजा कलमसुद्धा. अर्धं वाचून चष्मा काढायची तुमची सवय मला माहीत आहे.

माझ्याबद्दल चांगली बातमी अशी की मी अजून त्याच नोकरीत आहे. यावलला केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम मी दोन महिने केलं, वरणगावला एका खानावळीत पाच आठवडे, अमळनेरला कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचं तर फक्त नऊ दिवस (दहाव्या दिवशी नंदुरबारला जाणारी गाडी समोर उभी दिसली, मी काय करणार?). तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात की आमचा भूषण म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट, जिथे शिक्का बसेल तिथून पुढे. मला राग आला नव्हता. पण आता ह्या जळगावच्या कुरियरच्या गोदामात मला चार महिने झाले, हे तुम्ही त्याच चारचौघांना सांगावं.

गोदामात नवीन मशीन आलं आहे. तुम्हाला दाखवायला हवं होतं. पिठाच्या गिरणीला असतो तसा, पण माणूस झोपेल एवढा रुंद पट्टा. त्यावर एकामागे एक पाकिटं चालतात. वर एक काळा डबा वाकून प्रत्येकाकडे बघतो, त्याच्या तोंडाला काच. काचेने बारकोड वाचला की बाजूचा लोखंडी हात पाकिटाला ढकलतो, चोपड्याचं चोपड्याच्या पोत्यात, पारोळ्याचं पारोळ्याच्या. तासाला तीन हजार. शिवाय प्रत्येक पाकिटाचा सगळा प्रवास त्याला पाठ असतो: केव्हा निघालं, कुठे थांबलं, कोणाच्या हाती गेलं. आणि जे त्याला वाचता येत नाही ते शेवटी एका पिंजऱ्यात पडतं. त्या पिंजऱ्यापाशी मी बसतो. म्हणजे मशीनला जे कळत नाही ते मला कळावं अशी कंपनीची अपेक्षा आहे (हे माझ्या बारावीच्या सरांना जरूर कळवा, दोन्ही वर्षांच्या).

ह्याच्यापुढेही शोध लागलेले आहेत. पार्सल ड्रोनने पोहोचवायचा प्रयोग दाखवायला एक साहेब यावलकडे आले होते, मी सोबत होतो. ड्रोन मळ्यावरून घुंई करत गेलं, तर बायांनी पळत जाऊन हंडे झाकले आणि गुरं आत बांधली, कारण त्यांना ड्रोन माहीत आहे ते फवारणीचं. एक आबा तर साहेबांच्या मागेच लागले की आलाच आहात तर आमच्या चार काकऱ्याही फवारून द्या. पार्सल शेवटी मी पायी नेऊन दिलं. पण ते असो, मी मशीनबद्दल सांगत होतो.

मशीनमध्ये मला एकच खोट दिसते. त्याला कोपरा कळत नाही. मी लहान असताना सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही शिकवलं होतं की पत्र वाचायचं नाही, पण कोपरा बघायचा. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलेलं. ते गठ्ठ्यात सगळ्यांत वर, आधी त्या घरी जायचं, घंटी वाजवायची नाही, उंबऱ्याबाहेरच हातात द्यायचं आणि पाणीही न पिता निघायचं. हळदकुंकवाचा कोपरा असेल तर गल्लीच्या तोंडापासूनच घंटी. मशीन सगळ्यांना एकाच चालीने पुढे ढकलतं. मी आमचे सुपरवायझर रतिलालभाऊ यांना सुचवलं की कोपरा ओळखणारा कॅमेरा बसवावा, शोध माझ्या नावावर. ते म्हणाले, "भूषण, मेल्याची बातमी आता मोबाईलवर येते, माणूस गार व्हायच्या आत. तू पिंजरा बघ." बरोबरच आहे त्यांचं. पण तो कोपरा दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. बातमी लवकर पोहोचवण्याचे सगळे शोध लागले, हळू पोहोचवण्याचा मात्र तुमच्यानंतर कोणी लावला नाही.

तर खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आमच्याकडे पाकिटं उतरवणाऱ्या कुंदाबाई आहेत, शिंदखेड्याकडच्या, त्यांच्या हाती हळदकुंकवाचं ताट होतं. त्या मशीनभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "इनं कपाय कोठे शे?" मशीनचं कपाळ कुठे असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो (नाना, हे खरं सांगतो, मीच म्हणालो), वर तो डबा आहे तेच डोकं, आणि समोर गुळगुळीत आहे ते कपाळ. कुंदाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी काचेच्या मधोमध अंगठ्याने अस्सा मळवट भरला, आधी हळद, वर कुंकू, ओलं.

मग मशीन सुरू केलं. पहिलं पाकीट पिंजऱ्यात आलं. दुसरं पिंजऱ्यात आलं. रावेरचं, धुळ्याचं, कलेक्टर ऑफिसचं, सगळी पिंजऱ्यात. पिंजरा भरला, मी बुडालो. रतिलालभाऊंनी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणाला बंद करून चालू करा. आम्ही अकरा वेळा बंद करून चालू केलं. माझ्या लक्षात आलं ते अकराव्या वेळेला: कपाळ समजून आम्ही त्याचा डोळाच माखला होता. इंजिनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, पुसून टाका. रतिलालभाऊंनी खिशातून रुमाल काढला तशा कुंदाबाई स्टुलापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "कुकू पुसू नका हां भाऊ! आजच लायेल शे. पुसशात ते मी हात तोडी टाकसू!" आता लावलेलं कुंकू सणाच्या दिवशी, बाईसमोर, पुरुषाने पुसायचं हे रतिलालभाऊंनाही जमेना. त्यांनी रुमालाने स्वतःचं तोंड पुसलं आणि तो परत खिशात ठेवला.

म्हणून त्या दिवशी आम्ही सहा जणांनी नऊशे पाकिटं हाताने लावली. हे कोणालाच येत नव्हतं, नाना. मला येत होतं. तुम्ही सकाळी घराच्या फरशीवर टपाल मांडायचात ना, अक्षरांच्या क्रमाने नाही, वाटेच्या क्रमाने, आधी विहीर, मग पार, मग मळ्यातली घरं, तसं मी एसटीच्या वाटांनी जिल्हा फरशीवर मांडला. मी बोलत गेलो आणि बाकीचे ठेवत गेले. आयुष्यात जिथे जिथे नोकरी सोडून पळालो होतो ती सगळी गावं त्या दिवशी कामाला आली. पाच वाजता फरशी मोकळी. रतिलालभाऊ म्हणाले, हे शिकलास कुठे? मी म्हणालो, दांडीवर.

(दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईंनीच तोड काढली. कुंकू पुसायचं नसतं, पण आंघोळ तर घालतात. त्यांनी कोमट पाण्याने डब्याला आंघोळ घातली, नवं कुंकू मागच्या पत्र्यावर लावलं, आणि मशीनला पुन्हा दिसायला लागलं. एवढंच करायचं होतं.)

आता मुख्य सांगायचं ते सांगतो, म्हणजे सांगायचं टाळत इथपर्यंत आलो. त्या नऊशेत एक पाकीट हाताला आलं. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. पाठवणार: नूतन, धुळे. घेणार: तुम्ही.

मी ते बाजूला ठेवलं आणि मशीनमध्ये त्याचा नंबर टाकला. सगळा प्रवास आला. धुळे, जळगाव, अमळनेर, आपलं गाव, मग "घेणाऱ्याने नाकारले", आणि परत धुळे. पुन्हा तेच. ही तिसरी खेप. आमच्याकडे नियम असा की तिसऱ्यांदा नाकारलं की पाकीट कायमचं परत आणि नंबर बंद. नकारासाठी मशीनमध्ये सात कारणं तयार आहेत, पोरं त्यातलं एक दाबतात (काही जण टपरीवर बसूनच दाबतात). पण जे झालं ते सातांत नव्हतं. तुमच्याकडे पाकीट घेऊन येणारा अमळनेरचा दीपक मला म्हणाला, दोन्ही वेळा बाबा पाकीट हातात धरून खूप वेळ उभे होते. उलटं केलं, सुलटं केलं. मग "पिनकोड बरोबर लिहिलाय" म्हणाले आणि परत दिलं.

नाना, चार वर्षांपूर्वी तुमच्या लेकीने, नूतनअक्काने, धुळ्याच्या भंवरलाल शेठच्या मुलाशी, तरुणशी, रजिस्टर लग्न केलं आणि तुम्हाला पत्राने कळवलं, तेव्हा ते पत्र तुमच्याच पिशवीत पडलं होतं. आणणारेही तुम्ही, घेणारेही तुम्हीच. तुम्ही ते पाच किलोमीटर आणलंत, ओट्यावर उभे राहिलात, आणि तुमच्या वळणदार अक्षरात "घेण्यास नकार" लिहून, तारीख टाकून, सही करून परत नेलंत. शेरा खरा होता, म्हणून पोस्टानेही तो मान्य केला. खोटा शेरा तुम्ही जन्मात मारला नाही. घरी न जाताच "घर बंद" लिहिणाऱ्या त्या सुपडू पोस्टमनशी तुम्ही वर्षभर बोलला नव्हतात. आणि एकदा पावसाळ्यात एका मनिऑर्डरवर तुम्ही लिहिलं होतं: "गेलो नाही. नाल्याला पाणी होतं. माझी हिंमत झाली नाही." त्यावर साहेबांनी ताकीद दिली, ती तुम्ही जपून ठेवली आहे, मी पाहिली आहे. एवढं खरं कारण लिहायला मशीनमध्ये जागाच नाही.

टपरीवाला बाक उचलतो आहे, म्हणून आवरतं घेतो. मोठ्या आईने माझी काळजी करू नये. मी जेवतो.

तुमचा,
सध्या पत्ता असलेला
भूषण

ता. क. पत्रासोबत एक पिशवी आहे, ती परत पाठवताना तिच्यात थोडं कळण्याचं पीठ घाला, इथे भाकरीला चव नाही. हे पत्र पोस्टाने किंवा कुरियरने न पाठवता दुपारच्या एसटीचे कंडक्टर चुडामणभाऊ यांच्या हाती देतो आहे. ते तुम्हाला ओळखतात आणि नकार ऐकून घ्यायला त्यांची गाडी थांबत नाही.

ता. क. दुसरा. पिशवीत केळीचे वेफर्स आहेत. वेफर्सच्या खाली ते पाकीट आहे. मोठ्या आईच्या एव्हाना हाताला लागलंही असेल. आत काय आहे ते मी उघडून बघितलेलं नाही, पण मला माहीत आहे, कारण दर भाऊबीजेला मी धुळ्यालाच असतो (तुम्हाला सांगितलं होतं की शिरपूरला मित्राकडे जातो, ते खोटं). अक्काच्या मुलाचं जावळ आहे, तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी. मामाची मांडी माझी ठरली आहे. आमंत्रण इतकं लवकर निघालं, कारण ते परत यायला किती दिवस लागतात तेही अक्का धरून चालते.

ता. क. तिसरा. पोरगं सव्वा वर्षाचं आहे. घरातली प्रत्येक वस्तू उचलतं आणि वेगवेगळ्या डब्यांत टाकतं, चमचे एकात, चपला दुसऱ्यात, आजोबा भंवरलालांचा चष्मा तिसऱ्यात. दुसऱ्याने हलवलं तर रडतं आणि पुन्हा लावतं. तिकडचे लोक म्हणतात हे कोणावर गेलं कळत नाही. अक्का त्याला आणखी एक रिकामा डबा देते.

ता. क. चौथा आणि खरा. पाकीट गोदामातून बाहेर काढायचं तर मशीनला काहीतरी सांगावं लागतं. मी "पोहोचले" असा शेरा मारला आणि फोनच्या काचेवर बोटाने तुमची सही केली. ती गांडुळासारखी आली आहे, पण मशीनने मान्य केली. म्हणजे आपल्या घराण्यातला पहिला खोटा शेरा आता माझ्या नावावर आहे. कोणी तपासलं तर नोकरीचा पाचवा महिना लागणार नाही. तो खरा करणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

तरी परतच करायचं असेल तर चुडामणभाऊ उद्या त्याच वेळेला येतील, त्यांच्याकडे द्या. पाकिटाच्या पाठीमागे शेऱ्यापुरती जागा कोरी आहे. कारण तुमच्या हाताने, खरं असेल तेच लिहा. फक्त नाल्याचं लिहू नका, त्यावर आता पूल झाला आहे.