तुळसाचं घर

रविवार, संध्याकाळ

मेडशीजवळचं आमचं शेतातलं दगडी घर सरकारी वारसा यादीत आलं. गावाबाहेरची वस्ती सोडून पणजोबा इथे राहायला आले, तेव्हा आजूबाजूला नुसतं पडीक रान होतं. आज सकाळी घरावर लावायच्या पाटीचा मजकूर घ्यायला वाशीमहून त्या खात्याच्या मॅडम आल्या. बाबांनी छाती फुगवून सांगितलं, "माह्या आज्यानं बांधलं हे."

मोठी आत्या माहेरपणाला आली आहे. ती आतूनच म्हणाली, "आज्यानं कायले? तो तं वाशीमले कापसाच्या जिनात कामाले होता. नाल्यातले दगडं आजीनं वाह्यले. भिंती तिनंच उभ्या केल्या."

मॅडमनी त्या आजीचं नाव विचारलं, तर कोणालाच सांगता येईना. आत्या म्हणाली, "आमी तिले आजीच म्हनो." मॅडम गेल्या, पण मला चैन पडेना. ज्या घरात आम्ही सगळे वाढलो, ते बांधणारीचं नावच आम्हाला माहीत नाही?

दुपारी भाकरी थापता थापता आत्याला आठवलं. "तुळसा. सुट्टीत आजा घरी आला का लांबूनच हाक मारे, तुळसे, म्हनून."

मॅडमना फोन बाबांनीच लावला. "जय भीम मॅडम. पहिले तिचं नाव लिहा, मंग त्याचं." बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

मग बाबा मागच्या भिंतीपाशी गेले. पायाजवळच्या एका मोठ्या दगडाच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी चाचपल्या आणि मला विचारलं, "हा तिनं एकटीनं कसा उचलला असन?"